मोनालीचे चार ट्रे

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर एकदाही निघालेली नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही, दोन पेग पोटात गेल्यावर दोस्तांजवळही नाही—आणि दोन पेगांनंतर मी काय काय बोलतो, हे सावंगीपासून आंजीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ही गोष्ट कधी निसटली नाही. बाकी सगळं बोललो. हे सोडून.

तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला ओळखणारा माणूस लगेच म्हणेल, हा गडी फुकट काही देत नाही, कबुली तरी कशी देईल? यातही त्याचा काही सौदा असेल. बरोबर आहे त्याचं. आयुष्यभर मी सौदेच केले. गोठ्यागोठ्यातून शेण उचलून सायकलवर वाहायचो, तेव्हापासून. शाळेतली पोरं मला शेण्या म्हणायची. त्याच शेणावर मी गांडूळ खताचा धंदा उभा केला, शेड टाकलं, घर बांधलं. कुणाचा हात धरून नाही. हे सांगताना आजही माझा आवाज चढतो. चढू द्या.

मूळ गोष्टीकडे यायला मला थोडा वेळ लागेल. सरळ जाता येत नाही—पाहिलं करून.

आधी एक जुना राग सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि सांगितला तर तुम्हाला वाटेल मी कारण पुढे करतोय. करत नाही. पण सांगतो. वर्ध्याच्या उन्हाळ्यात गांडुळं जगवणं सोपं नाही. मे महिन्यात पत्रा असा तापतो की खाली उभं राहवत नाही. नवे लोक दर उन्हाळ्यात गांडुळांचे वाफे, बेडच्या बेड, मारून टाकतात. मी मात्र तुरीच्या काड्यांचे थर, ओली पोती आणि जमिनीत हातभर खोल बेड, अशी माझी एक रीत बसवली होती. ती बसवायला तीन उन्हाळे गेले, तीनदा सगळी गांडुळं मेली. मग एका कॉलेजातले एक सर यायला लागले. गोड बोलायचे. दोन पावसाळे माझ्याकडे चहा प्यायले, वहीत लिहून घेत राहिले. पुढे एका कृषी प्रदर्शनात ते स्टेजवर उभे—आणि पडद्यावर माझ्या बेडचे फोटो. नाव त्यांचं. मी खाली, नमुन्याची बादली धरून. कुणीतरी मला म्हणालं, "भाऊ, ती बादली जरा बाजूला घ्या नं, सरांचा फोटो काढायचा आहे."

मी बादली बाजूला घेतली. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. शिकलेला माणूस दारात आला की मला आधी ती बादली दिसते.

मोनाली दारात आली, तेव्हाही तेच दिसलं.

मोनाली म्हणजे पीएच.डी. करणारी एक पोरगी. त्या सरांच्या कॉलेजातली नाही, दुसरीकडची. बाप पोस्टात कारकून. स्कूटीवर यायची, डोक्याला ओढणी गुंडाळून, पाठीवर सॅक. आली ती थेट म्हणाली की तिला माझी गांडुळं मारायची आहेत. मी हसलोच. असं कुणी मागतं का?

तिचं अर्धं काम समुद्रावर झालं होतं. खाडीच्या काठी, जिथे कारखान्यांचं पाणी येतं तिथल्या काळ्या चिखलात, एक किडा राहतो. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. लांबडा, दोन्ही बाजूंनी केसांसारखे पाय.

"हे तं घोण दिसून राह्यली," मी म्हटलं.

"समुद्रातलं गांडूळ समजा ना काका. तुमच्या गांडुळाचा चुलतभाऊ."

"समुद्रात चुलतभाऊ, अन् आमाले आमंत्रण नाई कधी."

ती खूप हसली. मी समुद्र आजही पाहिलेला नाही. पण त्या किड्याबद्दल तिनं जे सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतं. तो चिखल खातो, पाणी गाळतो, आणि त्यातलं शिसं, तांबं, कॅडमियम, जे असेल ते अंगात साठवत जातो. मरत नाही. आणि मग त्याला मासा खातो, पक्षी खातो.

तिला आता बघायचं होतं, समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या गोड्या पाण्याच्या गाळातही असंच होतं का. म्हणून माझ्याकडे. कारण मी गाळ वापरायचो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

गाळाचं असं. आमच्या भागातल्या एका नाल्यावर पूर्वी नळाच्या तोट्या आणि भांडी यांना चमक चढवणारे दोन-चार छोटे कारखाने होते. ते बंद पडले. त्यांच्या खालच्या अंगाला एक बंधारा होता, तो गाळानं भरला होता. गाळ काढायचं ठरलं तेव्हा मी पुढे झालो. ठेकेदाराला टाकायला जागा नव्हती. मी म्हटलं, मी नेतो—पण डिझेल तुझं, ट्रॅक्टर तुझा, माणसं तुझी. तो चिडला, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडलो. शेवटी तोच कबूल झाला. त्या सौद्याची फुशारकी मी वर्षभर मारली. काळाभोर गाळ, लोण्यासारखा. शेण आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, मिसळलं, चार बेड भरले. आणि गांडुळं काय पोसली त्यात! जाडजूड, लालभडक. आमच्याकडे जुन्या लोकांचं म्हणणं आहे की गांडूळ जिथे जगलं ती माती निर्मळ. मीही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर गांडुळं काढून दाखवायचो. हाच माझा रिपोर्ट, म्हणायचो.

मोनालीला तेच दाखवलं. ती बेडजवळ उकिडवी बसली, एक गांडूळ तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"काका, ते मरत नाहीत, हेच तर वाईट आहे," ती म्हणाली. "मेले असते तर तुम्हाला कळलं असतं."

त्या वाक्याला मी घाबरलो. तिला दाखवलं नाही. पण घाबरलो.

कारण त्याच दिवसांत जाम गावच्या चौकातला एक रोपवाटिकावाला माझं खत कायमचं घ्यायला तयार झाला होता. हायवेवर त्याचं मोठं दुकान, आजूबाजूचे भाजीवाले त्याच्याकडून खत उचलायचे—पालक, मेथी, कोथिंबीर. त्याची अट एकच. कुठल्यातरी कॉलेजचा तपासणी अहवाल पाहिजे.

तेव्हा मी मोनालीशी सौदा केला. गांडुळं घे, हवी तेवढी घे. पण निकाल आधी मला, लेखी, सहीनिशी. आणि तुझ्या पुस्तकात माझं नाव, ठळक. ती लगेच हो म्हणाली. म्हणाली, "नाव तर टाकायचंच आहे काका, तुमच्याशिवाय कसं होईल?" मला वाटलं, कसली साधी आहे ही. घासाघीससुद्धा करत नाही.

तिच्या कामाची रीत अशी होती, आणि सगळं त्या रीतीवरच घडलं. गांडूळ सरळ नेऊन तपासता येत नाही. त्याच्या पोटात माती असते. ती तशीच तपासली तर मातीतला धातू मोजला जातो, अंगातला नाही. म्हणून दोन दिवस त्याला ओल्या कागदावर उपाशी ठेवायचं. ते माती टाकत जातं, आपण कागद बदलत जायचं. पोट रिकामं झालं की गांडूळ फिकट, जवळजवळ आरपार दिसायला लागतं. मग न्यायचं. समुद्रातल्यांना ती स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवायची, इथे कागदावर.

तिनं सहा ट्रे मांडले. एक ते चार गाळाच्या बेडचे. पाच आणि सहा कडुनिंबाखालच्या दोन जुन्या बेडचे. त्यात नुसतं शेण असायचं, ती माझी बेण्याची, पैदाशीला राखलेली गांडुळं. प्रत्येक ट्रेत वीस. ट्रे माझ्याच शेडच्या मागच्या खोलीत ठेवले, कारण तिथे गारवा होता. कागद बदलायला ती सकाळ-संध्याकाळ यायची. मधल्या वेळात राखण माझ्याकडे. "काका, फक्त मुंग्या लागू देऊ नका," एवढंच सांगून जायची.

आता तुम्हाला कळलंच असेल. नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रे एक ते चारमधली गांडुळं काढली आणि त्यात बेण्याची घातली. वीस, वीस, वीस, वीस. जाडी पाहून निवडली, जुळतील अशी. काढलेली ऐंशी परत गाळात सोडली. ओसरीवरून सुमननं—बायकोनं—विचारलं, "काय करून राह्यले तुमी तिकडं एवढा वेळ?"

"मुंग्या झाडून राह्यलो," मी म्हटलं.

झालं. एवढंच काम. अर्धा तास लागला असेल.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते रागात झालं. त्या स्टेजवरच्या सरांचा राग, बादलीचा राग. शिकलेल्यांनी मला लुटलं, एकदा मी त्यांना फसवलं, फिटंफाट. पण रागात माणूस काय करतो? हात उगारतो. ट्रे उचलून आपटतो. मी काय केलं होतं माहीत आहे? माझ्या डोक्यात आलं होतं की बेण्याची गांडुळं बेडमधून काढून तशीच घातली तर त्यांची पोटं भरलेली असणार. कागद काळा होईल, संध्याकाळी पोरगी ओळखेल. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच, ती पहिला कागद घालून जाताच, मी एका टबात ओलं वर्तमानपत्र अंथरून बेण्याची शंभरेक गांडुळं उपाशी ठेवली होती. वर पोतं टाकून. दोनदा कागदही बदलला. तिची रीत मी आधीच शिकलो होतो, ती महिनाभर आमच्याकडे येत-जेवत होती तेव्हा तिच्यासमोर बसून, तिला प्रश्न विचारून विचारून. ती कौतुकानं सांगायची. काकांना किती रस आहे, असं वाटायचं तिला.

राग असा टबात पोत्याखाली ठेवता येतो का?

निकाल आला. गाळात धातू भरपूर, गांडुळांत नाही. गाळाच्या बेडची आणि शेणाच्या बेडची गांडुळं सारखीच. समुद्राच्या बरोबर उलटं. मोनाली चक्रावली, मग आनंदली. तिला वाटलं, शेण मिसळल्यामुळे धातू गांडुळाच्या अंगात जातच नाही, काहीतरी नवं हाती लागलं. त्यावर तिनं प्रकरण लिहिलं, कुठल्यातरी परिषदेत उभं राहून वाचलं. माझं नाव घेतलं तिथे. पेढे घेऊन घरी आली. गांडुळं निर्मळ असल्याचा तो सही केलेला कागद मी लॅमिनेट करून जामच्या माणसाला दिला आणि त्याची एक प्रत शेडमध्ये टांगली. चार बेडचं खत गेलं. मग पुन्हा भरले, पुन्हा गेलं.

तिच्या सरांना मात्र निकाल पटेना. त्यांनी खात्रीसाठी दुसरी पोरं पाठवली. मी त्या दिवशी आष्टीला गेलो होतो. सुमननं त्यांना बेड दाखवले, त्यांनी गांडुळं घेतली, बर्फाच्या डब्यात घालून नेली. कागद-बिगद सगळं कॉलेजातच केलं. यावेळी निकाल खरा आला. समुद्रातल्या किड्यासारखाच, धातूनं भरलेला.

सरांचा मला फोन आला. ते खत थांबवा, म्हणाले, भाजीला तर अजिबात देऊ नका. मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, माझ्याजवळ तुमच्याच पोरीच्या सहीचा कागद आहे. तुमचे कागद दोन, खरा कोणता ते आधी ठरवा. ठरलं की मला कळवा, नाहीतर पेपरवाल्यांना मी दोन्ही देतो, बघू द्या लोकांना तुमच्या कॉलेजात काय चालतं ते. "पेपरात नको, आम्ही बघतो," ते म्हणाले. मला तो सूर ओळखीचा होता—समोरचा मोडतो तेव्हा असाच असतो. सौदा झाला, हे मला कळलं.

त्यांनी ठरवलं. पहिले आकडे पोरीनं बनवले असावेत, किंवा ट्रेचा घोळ केला असावा.

मग मोनाली आली. स्कूटी फाटकाबाहेरच लावली, आत आली नाही. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, एकच विचारते, रागावू नका. त्या दोन दिवसांत ट्रेला कोणी हात लावला होता का? चुकून? सरांना सांगायला काहीतरी पाहिजे मला."

चुकून, असा शब्दसुद्धा तिनंच पुढे केला होता. मी नुसतं हो म्हणायचं होतं. मुंग्या लागल्या, ट्रे सांडले, घाईत भरले—काहीही. तिचं काम वाचलं असतं, आणि चोर तर मी तरीही ठरलो नसतो. इतका स्वस्त सौदा मला कुणी कधी देऊ केला नव्हता.

"मले चोर समजून राह्यली का तू?" मी ओरडलो. "आमच्या घरचा चहा ढोसायचा अन् आमच्यावरच आळ घ्यायचा! तुह्या बापानं हेच शिकवलं का तुले? तुले मोजता येत नाई तं आमी काय करावं? जाय, नीघ इथून!"

रस्त्यानं जाणारे दोघं थांबून पाहायला लागले. त्यांना पाहून मी आणखी ओरडलो. ती वळून स्कूटीवर बसली. स्कूटी चालू होईना तिची. तीन-चारदा किक मारली. मी फाटकात उभा राहून पाहत होतो.

तिचं नाव त्या कामातून कटलं. समुद्राचं अर्धं कामही गेलं. जिचे एके ठिकाणचे आकडे खोटे, तिचे दुसरीकडचे कोण खरे मानणार?

गाळ मी पुढचे आठ-नऊ महिने वापरला. संपला तेव्हा बंद झाला, सोडला म्हणून नाही. कुणाच्या पालकात किती गेलं, ते कुणी खाल्लं, मला सांगता येणार नाही. जामच्या माणसाला मी आजही काही बोललेलो नाही.

आणि आता जे आहे ते. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. अडाणी माणूस, शिसं-कॅडमियम त्याला काय कळे? पण मोनाली पहिल्यांदा ते वाक्य बोलून गेली, त्याच आठवड्यात मी सुमनला सांगितलं की परसातल्या मेथीला गाळाचं खत घालायचं नाही. कडुनिंबाखालचं घालायचं. ती म्हणाली, "काऊन? जाड तं हेच गांडुळं हायेत." मी म्हटलं, "सांगतो तेवढं ऐक." आमच्या घरात त्या गाळावरची एक काडी शिजली नाही. म्हणजे ट्रे बदलायच्या आधीच मला कळलं होतं. सगळं कळलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात आंजीला एका लग्नात ती भेटली. मी पंगतीत बसलो होतो. समोर येऊन उभी राहिली. "काका, ओळखलं का? गांडूळवाली!" कडेवर पोरगी, बाजूला नवरा. आता एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याला म्हणाली, "मी सांगत होती नं, ज्यांच्या घरी मी महिनाभर जेवली, ते हे." त्यानं वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही.

मग ती माझ्या शेजारी बसली, पोरीला मांडीवर घेऊन. आवाज खाली आणून म्हणाली, "काका, त्या दिवशी मी तुम्हाला काहीच्या काही विचारलं. लय दिवस मनात होतं. घाईत मीच नंबर उलटे लावले असतील ट्रेचे. दुसरं काय होणार? माफ करा मला."

मी तिच्या पोरीकडे पाहिलं. पोरगी बुंदीचे दाणे एकेक करून माझ्या पत्रावळीवर ठेवत होती.

नंबर तिनं बरोबर लावले होते. मी म्हटलं, "होते असं, बेटा. चुका कोनाकडून होत नाईत?"